एका मशीनवरचा खाजगी क्लाउड आणि त्याचे पत्ते

घणसोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. ६४ जीबी रॅमचं एक जुनं वर्कस्टेशन घेऊन त्यावर उबुंटू टाकलं आणि डेव्हस्टॅक (ओपनस्टॅक झटपट उभं करून देणाऱ्या स्क्रिप्ट) वापरून एकाच मशीनवर ओपनस्टॅक, म्हणजे स्वतःचा क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर, उभं केलं. लॅनचा पोर्ट एकच. घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, म्हणून फ्लोटिंग रेंजमध्येही (क्लाउडमधल्या मशीनना बाहेरून गाठायच्या पत्त्यांचा गट) १९२.१६८.१.०/२४ लिहिली, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते; तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान. व्हीएम (क्लाउडमध्ये चालणारं आभासी मशीन) सुरू होते आणि त्या वर्कस्टेशनवरून तिला पिंग (पोच तपासणारा संदेश) जातो, पण लॅपटॉपवरून ती सापडत नाही. इन्स्टॉलेशन झाल्यापासून घरातलं वायफाय अधूनमधून बंद पडतं. मध्ये लाइट गेली, परत आल्यावर मशीनच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १०३ चा १०७ झाला आणि तेव्हापासून डॅशबोर्ड उघडतो पण आत सगळीकडे एरर. दोन महिन्यांनी हे मशीन ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात न्यायचं आहे. तिथून क्लायंटला बाहेरून डेमो दाखवता आला तर हवा आहे.

तुमचं ओपनस्टॅक बिघडलेलं नाही. या सगळ्या तक्रारी पत्त्यांच्या आहेत आणि दोन चुकांमधून आल्या आहेत: घरच्या राउटरची रेंज क्लाउडलाही दिली, आणि क्लाउडचा स्वतःचा पत्ता राउटरच्या मर्जीवर सोडला. दोन्ही सुधारता येतात, पण आहे त्यावर ठिगळं लावू नका. पत्ते आधी कागदावर ठरवा आणि मग नव्याने इन्स्टॉल करा. डेव्हस्टॅकमध्ये हेच सगळ्यात कमी वेळाचं काम आहे.

आधी वायफायचं सांगतो, कारण घरातली माणसं त्याचीच तक्रार करत असणार. फ्लोटिंग रेंज लिहिली की डेव्हस्टॅक त्या रेंजमधला गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा) पत्ता आपल्या बाहेरच्या ब्रिजवर (मशीनच्या आतल्या आभासी स्विचवर), म्हणजे बीआर-ईएक्सवर चढवतो. वेगळं काही सांगितलं नाही तर गेटवे म्हणून रेंजमधला पहिलाच पत्ता धरला जातो. तुमच्या बाबतीत तो १९२.१६८.१.१ ठरला, म्हणजे थेट तुमच्या राउटरचा पत्ता. आता घरात एका पत्त्याचे दोन मालक झाले. वर लिनक्सची एक सवय अशी की मशीनच्या कुठल्याही इंटरफेसवर (खऱ्या किंवा आभासी नेटवर्क पोर्टवर) असलेला पत्ता कुणी केबलवरून विचारला, तर तो ‘माझा आहे’ असं ते दुसऱ्या इंटरफेसवरूनही सांगून टाकतं. ब्रिजला बाहेरची केबल जोडलेली नसली तरी हे होतं. घरातला एखादा मोबाइल ‘१९२.१६८.१.१ कोण?’ असं विचारतो, कधी राउटरचं उत्तर आधी पोचतं, कधी तुमच्या वर्कस्टेशनचं. ज्याला वर्कस्टेशनचं उत्तर मिळालं त्याचं इंटरनेट गेलं. थोड्या वेळाने मोबाइल पुन्हा विचारतो, तेव्हा कदाचित सुरू होतं. म्हणून तुम्हाला ते ‘अधूनमधून’ दिसतं, आणि म्हणूनच सेवा पुरवणाऱ्या कंपनीला फोन करून उपयोग झाला नाही.

लॅपटॉपवरून व्हीएम का दिसत नाही तेही यातच आहे. लॅपटॉपला वाटतं, व्हीएमचा पत्ता १९२.१६८.१ चा आहे म्हणजे ती आपल्याच नेटवर्कवर असणार. म्हणून तो राउटरकडे न जाता केबलवरच हाका मारतो. पण व्हीएम बीआर-ईएक्सच्या पलीकडे आहे आणि त्या ब्रिजला बाहेरची तार नाही, त्यामुळे हाक तिथवर पोचतच नाही. होस्टवरून, म्हणजे वर्कस्टेशनवरून, पिंग जातो, कारण होस्ट त्या ब्रिजवर स्वतः बसलेला आहे. होस्टवर ‘आयपी राउट’ चालवून पाहा: १९२.१६८.१.०/२४ साठी दोन वाटा दिसतील, एक लॅन पोर्टची आणि एक बीआर-ईएक्सची. हाताने चढवलेल्या पत्त्याची वाट बहुधा जिंकते, म्हणून होस्टकडून लॅपटॉपला जायची उत्तरंसुद्धा ब्रिजमध्ये शिरून हरवतात. डेव्हस्टॅकची इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवल्यावर एसएसएच (दूरवरून मशीनवर काम करायची जोडणी) तुटत असेल आणि मशीन रीस्टार्ट केल्यावर पुन्हा लागत असेल, तर कारण हेच. रीस्टार्टनंतर ब्रिजवरचा तो पत्ता राहत नाही.

आता पत्त्यांचा आराखडा. एका मशीनच्या क्लाउडमध्ये चार प्रकारचे पत्ते असतात आणि चारही एकमेकांपासून वेगळे राहिले पाहिजेत. पहिला, मशीनला घरच्या किंवा ऑफिसच्या लॅनवर मिळालेला पत्ता. दुसरा, क्लाउडच्या सेवा ज्या पत्त्यावर ऐकतात तो. डॅशबोर्ड, ओळख तपासणारं कीस्टोन, व्हीएम चालवणारं नोव्हा, नेटवर्क सांभाळणारं न्यूट्रॉन सगळे एकमेकांना याच पत्त्याने ओळखतात. तिसरा, फ्लोटिंग पत्त्यांचा गट, ज्यातून व्हीएमला बाहेरून गाठायचं. चौथा, व्हीएम आपसात वापरतात ती आतली रेंज. बहुतेक जण पहिला आणि दुसरा पत्ता एकच ठेवतात, कारण इन्स्टॉलर तसंच सुचवतो. डेटा सेंटरमध्ये ते चालतं, तिथे पत्ते वर्षानुवर्षं हलत नाहीत. घरात, भाड्याच्या ऑफिसात, आणि मशीन घणसोलीहून वागळे इस्टेटला जाणार असेल तेव्हा ते चालत नाही.

तुमच्या एररचं मूळ तिथेच आहे. डेव्हस्टॅकच्या फाइलमध्ये ‘होस्ट आयपी’ ची ओळ लिहिली नसली तर डेव्हस्टॅक त्या क्षणी मशीनवर असलेला पत्ता उचलतो आणि तो जागोजागी कोरून ठेवतो: कीस्टोनच्या डेटाबेसमधल्या सेवांच्या यादीत, प्रत्येक सेवेच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, व्हीएमच्या कन्सोलच्या लिंकमध्ये. लाइट गेल्यावर राउटर आणि मशीन एकदम सुरू झाले, राउटरला आधीचं वाटप आठवलं नाही, त्याने १०७ दिला. डॅशबोर्डचं पान १०७ वर उघडलं, पण त्यामागचा प्रत्येक सवाल अजून १०३ ला जातो आहे. डेटाबेसमध्ये शिरून एकेक पत्ता बदलण्याचे सल्ले तुम्हाला सापडतील. करू नका. काहीतरी राहून जातं आणि ते भलत्याच वेळी डोकं वर काढतं.

राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (लॅन कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) आरक्षण करून १०३ कायमचा बांधून घेता येईल, आणि ते कराच. त्याने लाइट गेल्याचा प्रश्न सुटेल, पण ठाण्याला गेल्यावर काय? तिथला राउटर १९२.१६८.०.१ वर असेल, जिओचा असेल तर बहुधा १९२.१६८.२९.१ वर. मशीनला तिथला पत्ता घ्यावाच लागेल आणि क्लाउड पुन्हा कोसळेल.

म्हणून माझा सल्ला: क्लाउडला कुठल्याच राउटरकडून उसना नसलेला, स्वतःचा पत्ता द्या. लिनक्समध्ये डमी इंटरफेस नावाची सोय आहे. त्याला केबल नसते, समोर स्विच नसतो, पण तो कायम सुरू असतो आणि त्याला दिलेला पत्ता मशीन जाईल तिथे तसाच राहतो. उबुंटू २४.०४ मधल्या नेटप्लॅनमध्ये (नेटवर्कची मांडणी लिहायच्या सोयीत) तो सरळ फाइलमध्ये लिहिता येतो, जुन्या आवृत्तीत सिस्टमडी-नेटवर्कडीच्या फाइलने करता येतो. त्यावर क्लाउडचा पत्ता ठेवा आणि ‘होस्ट आयपी’ मध्ये तोच लिहा. मग लॅनचा पोर्ट खुशाल डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता देण्याच्या पद्धतीवर) राहू दे. घरी १०३ मिळो वा १०७, ऑफिसात आणखी काही मिळो, ओपनस्टॅकला त्याचा पत्ताच लागणार नाही.

रेंज कुठली घ्यायची हे मात्र विचार करून ठरवा. खाजगी वापरासाठी तीनच गट राखीव आहेत, १९९६ पासून ते तसेच आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. या पत्त्यांना बाहेरच्या जगात काही अर्थ नाही, जो तो आपल्या घरात वापरतो. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर १०’ म्हटलं तर रिक्षावाला विचारणारच, वाशीचा, नेरूळचा की खारघरचा? मशीन असं विचारत नाही. त्याच्याकडे एका रेंजच्या दोन वाटा आल्या तर ते एक निवडतं आणि मोकळं होतं. म्हणून कुणाशी टक्कर होणार नाही अशी रेंज आपणच शोधायची.

१९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि १९२.१६८.२९ टाळा, हे घरोघरच्या राउटरचे आहेत. १९२.१६८.१२२ टाळा, तो उबुंटूवरच्या व्हर्च्युअलायझेशनचा ठरलेला गट आहे. १७२.१७ पासून पुढे डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) पाय पसरतं: पहिलं नेटवर्क १७२.१७.०.०/१६ वर, मग प्रत्येक नव्या कंपोज प्रोजेक्टला पुढचा गट. डेव्हस्टॅकची ठरलेली फ्लोटिंग रेंज १७२.२४.४.०/२४ आहे. ती वाईट नाही, पण डॉकरचे बरेच प्रोजेक्ट चालवणाऱ्या मशीनवर मी ती ठेवत नाही. १०.०.०.० ची सुरुवात ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये फार दिसते. ऐरोली किंवा महापेच्या मोठ्या कंपनीत नोकरी करून संध्याकाळी घरी आपला क्लाउड चालवणाऱ्यांना याचा अनुभव असेल, व्हीपीएन लावला की व्हीएम गायब. दहाच्या गटातला मधलाच, कुणाला सहज न सुचणारा तुकडा घ्या. उदाहरणासाठी मी १०.६१ घेतो, तुम्ही वेगळा घ्या.

माझी मांडणी अशी असते. डमी इंटरफेसवर क्लाउडचा पत्ता १०.६१.०.१. फ्लोटिंग रेंज १०.६१.८.०/२४, त्यातला १०.६१.८.१ बीआर-ईएक्सवर आणि वाटपासाठी १०.६१.८.१० ते १०.६१.८.२००. व्हीएमची आतली रेंज १०.६१.१६.०/२४. हे आकडे सहज म्हणून घेतलेले नाहीत. १०.६१.०.०/२० या एका तुकड्यात १०.६१.०.० पासून १०.६१.१५.२५५ पर्यंत सगळं येतं, म्हणजे क्लाउडचा पत्ता आणि फ्लोटिंग रेंज दोन्ही आत, आणि व्हीएमची आतली रेंज बरोबर बाहेर. त्यामुळे लॅपटॉपला एकच ओळ सांगावी लागते: १०.६१.०.०/२० कडे जायचं असेल तर होस्टच्या लॅनवरच्या पत्त्याकडून जा. विंडोजवर ही ओळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘राउट ॲड’ ने घालायची, मास्क २५५.२५५.२४०.० द्यायचा आणि रीस्टार्टनंतरही राहावी म्हणून ‘पी’ चा पर्याय लावायचा. ठाण्याला गेलात की फक्त याच ओळीतला होस्टचा पत्ता बदलायचा. क्लाउडमध्ये कुठेही हात लावायचा नाही. (इथे वाचायला देवनागरी आकडे आहेत, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे टाकायचे.)

ऑफिसचं नेटवर्कच १०.०.०.०/८ असलं तरी घाबरू नका. जास्त नेमकी वाट आधी धरली जाते, /२० ही /८ पेक्षा नेमकी आहे. तिथे खरोखरच १०.६१ वर काही चालू नसलं म्हणजे झालं.

फ्लोटिंग गट किती मोठा ठेवायचा, हे लोक फक्त व्हीएम मोजून ठरवतात. ओपनस्टॅकमधला प्रत्येक राउटर बाहेरच्या जाळ्यावर याच गटातला एक पत्ता खातो, मग व्हीएमना उरलेले मिळतात. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा राउटर देणार असाल तर तेवढे पत्ते आधी वजा करा. स्वतःची रेंज घेतली असली की ही कंजुषी करावी लागत नाही.

वाट दोन्ही बाजूंनी उघडी हवी. व्हीएमकडे येणारं पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) होस्टच्या लॅन पोर्टवर येतं आणि बीआर-ईएक्सकडे जातं, म्हणून होस्टवर आयपी फॉरवर्डिंग चालू लागतं. इथे दोन अडथळे हटकून येतात. उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलेली असेल तर ती एका इंटरफेसवरून दुसऱ्यावर जाणारी पाकिटं मुळातच अडवते. आणि मशीनवर डॉकर असेल तर ते स्वतः फॉरवर्डिंग चालू करतं, पण फॉरवर्ड चेनचं (पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांचं) धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून द्या, असं करून ठेवतं. डॉकर टाकल्यावर क्लाउड बंद पडला असं कुणी सांगितलं की मी आधी तिथेच पाहतो. १०.६१.८.०/२४ ला जाणारी आणि तिथून येणारी वाहतूक चालू देणारे नियम स्पष्ट लिहा.

बाहेर जाताना, म्हणजे व्हीएममधून अपडेट वगैरे घेताना, घरच्या राउटरला १०.६१.८ कुठे आहे ते माहीत नसतं. त्यामुळे उत्तर परत येत नाही. होस्टच्या आयपी-टेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांत) १०.६१.८.०/२४ वरून निघून लॅन पोर्टमधून बाहेर जाणाऱ्या पाकिटांना मास्करेड लावा, ती होस्टच्या नावाने जातील. नियम घालण्याआधी तो डेव्हस्टॅकने आधीच घातला आहे का ते नॅट टेबलमध्ये पाहून घ्या. या नियमामुळे लॅपटॉपवरून सुरू केलेल्या एसएसएचला बाधा येत नाही, कारण मास्करेड जोडणीच्या पहिल्या पाकिटाला पाहून ठरतं आणि ती जोडणी लॅपटॉपने उघडलेली असते.

फ्लोटिंग पत्ते घरच्या १९२.१६८.१ मधलेच हवेत, असा आग्रह काही जण धरतात. त्यात एक खरा फायदा आहे: लॅपटॉपवर वाट लिहावी लागत नाही, घरातला कुठलाही फोन थेट व्हीएम उघडू शकतो. ऑफिसात पाच-सहा जणांना वापरायचं असेल आणि तिथल्या राउटरमध्ये स्थिर वाट लिहायची सोय नसेल, तर मीही तेच सुचवीन. पण मग ते नीट करा. राउटरची डीएचसीपी रेंज आवळा, समजा १०० ते १९९. क्लाउडच्या बाहेरच्या जाळ्याचा सबनेट (पत्त्यांची रेंज) पूर्ण १९२.१६८.१.०/२४ असाच लिहा, गेटवे १९२.१६८.१.१ लिहा, आणि वाटपाचा गट मात्र २२४ ते २३९ एवढाच द्या. गट लहान म्हणून सबनेटलाच /२८ लिहिण्याची गल्लत सर्रास होते. तसं केलं की गेटवे सबनेटच्या बाहेर पडतो आणि व्हीएमची बाहेरची वाट बंद होते. लहान करायचा तो वाटपाचा गट, मास्क नव्हे. आणि बीआर-ईएक्सवर राउटरचा पत्ता चढलेला नाही याची शेवटी खात्री करा.

या पद्धतीत बीआर-ईएक्सला खरी केबल जोडावी लागते. तुमच्याकडे पोर्ट एकच असल्याने होस्टचा पत्ता पोर्टवरून काढून ब्रिजवर हलवावा लागेल, आणि ते दूरवरून एसएसएचने करताना मध्येच जोडणी तुटली तर मशीनसमोर जाऊन बसावं लागतं. त्यापेक्षा दुसरं लॅन कार्ड किंवा यूएसबीला लागणारा लॅन ॲडॅप्टर घ्या, तो पोर्ट पूर्णपणे बीआर-ईएक्सला द्या आणि त्याला स्वतःचा पत्ता देऊ नका. वायफायवर हा प्रकार होत नाही. ॲक्सेस पॉइंट फक्त नोंदवलेल्या कार्डाच्या मॅक पत्त्याची पाकिटं स्वीकारतो, व्हीएमच्या राउटरचा मॅक त्याच्या लेखी परका. वायफायने ब्रिज करण्यात संध्याकाळ घालवू नका.

कुठल्याही नेटप्लॅनच्या बदलासाठी ‘नेटप्लॅन अप्लाय’ ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं. मशीन माळ्यावर किंवा दुसऱ्या गावी असेल तर ही दोन मिनिटं फार मोलाची आहेत. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. सर्व्हर आवृत्तीत क्लाउड-इनिट (मशीन सुरू होताना मांडणी करणारी सेवा) तुमची फाइल पुन्हा लिहू शकतं, त्याचं नेटवर्कचं काम बंद करून ठेवा. आणि ईटीसीमधली होस्ट्स फाइल उघडा: उबुंटू तिथे मशीनच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहून ठेवतं. त्या नावापुढे १०.६१.०.१ हवा, नाहीतर सेवांचे आपसातले निरोप पोचवणाऱ्या रॅबिटएमक्यूसारख्या सेवा नाव विचारून भलत्याच पत्त्यावर जातात. पुढे कोला-ॲन्सिबलकडे (ओपनस्टॅक रोजच्या वापरासाठी उभं करायच्या साधनाकडे) वळलात तर तिथली पूर्वतपासणी याच कारणाने थांबवते.

व्हीएम उभी राहिली आणि तरी पोचता येत नसेल, तर घाईने काहीही बदलू नका. क्रमाने आतून बाहेर या. डॅशबोर्डमधल्या कन्सोलने व्हीएमच्या आत शिरा आणि तिला पत्ता मिळाला आहे का पाहा. नसेल तर प्रश्न आतल्या डीएचसीपीचा आहे, लॅपटॉपशी त्याचा संबंध नाही. पत्ता असेल तर तिथून तिच्या गेटवेला पिंग, मग १०.६१.८.१ ला, मग ८.८.८.८ ला. जिथे थांबेल तिथे दोष. ८.८.८.८ जातो पण नावं उघडत नाहीत, तर आतल्या सबनेटला डीएनएस सर्व्हर सांगायचा राहिला आहे. आतून सगळं जातं पण बाहेरून काहीच येत नाही, तर बहुतेक वेळा सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे व्हीएमपुढची फायरवॉल. ओपनस्टॅकचा मूळ ग्रुप बाहेरून येणारं सगळं अडवतो. पिंगसाठी आयसीएमपी आणि एसएसएचसाठी टीसीपी २२ उघडा, तेही फक्त तुमच्या लॅनसाठी. त्यातूनही अडलं तर होस्टवर दोन खिडक्या उघडून एकीत लॅन पोर्टवर आणि दुसरीत बीआर-ईएक्सवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावा. पाकीट पहिल्यात दिसतं आणि दुसऱ्यात नाही, तर होस्टचं फॉरवर्डिंग किंवा फायरवॉल. दोन्हीकडे जाताना दिसतं पण परत येताना दिसत नाही, तर व्हीएमच्या बाजूला. जुन्या लेखांमध्ये राउटरच्या नेमस्पेसमध्ये (होस्टवर त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कमध्ये) जाऊन पाहायला सांगितलेलं असतं. हल्ली डेव्हस्टॅक ओव्हीएन (आभासी नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर) वापरतं, त्यात तशी नेमस्पेस नसतेच. ती सापडली नाही म्हणून काही मोडलं आहे असं समजू नका.

एक त्रास मात्र पत्ते बरोबर असूनही होतो आणि लोक त्याला पत्त्यांचाच समजतात. पिंग जातो, एसएसएच सुरू होतं, पासवर्डच्या आधीच लटकतं. किंवा छोटी पानं उघडतात, मोठी फाइल उतरत नाही. हे एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं आहे. ओव्हीएन आतल्या पाकिटावर जिनीव्हचं वेष्टन चढवतं, त्यासाठी ५८ बाइट जातात, म्हणून १५०० च्या जाळ्यात व्हीएमला १४४२ उरतात. त्याऐवजी व्हीएक्सलॅनचं वेष्टन असेल तर १४५०. न्यूट्रॉन हा आकडा व्हीएमला डीएचसीपीतून कळवतो आणि सहसा सगळं आपोआप जुळतं. पण व्हीएमच्या आत तुम्ही डॉकर चालवलंत तर त्याचं जाळं १५०० धरून बसतं. व्हीएम व्यवस्थित आणि तिच्या आतला कंटेनर मात्र लटकलेला, असं दिसलं की डॉकरचा एमटीयू १४४२ करा. त्यात ब्रॉडबँड पीपीपीओईचा असेल तर बाहेरची मर्यादाच १४९२ असते.

आता क्लायंटचा डेमो. आधी राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल, तर तुमच्या कंपनीने अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. त्यासाठीच हा गट २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. अशा वेळी घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून कुणी येऊ शकत नाही, कारण पलीकडचा दरवाजा तुमच्या हातात नाही. वागळे इस्टेटच्या ऑफिसात व्यावसायिक जोडणी घेणार असाल तर स्थिर सार्वजनिक पत्ता वेगळे पैसे भरून मिळतो का ते करार करतानाच विचारा, नंतर विचारलं की वेळ जातो. तो मिळाला तरी डॅशबोर्ड किंवा कीस्टोनचा ५००० पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. डेव्हस्टॅक शिकण्यासाठी बनवलेलं आहे, पासवर्ड साध्या फाइलमध्ये असतात, जोडणीवर एनक्रिप्शन नसतं.

मी अशा ठिकाणी वायरगार्ड (दोन मशीनमध्ये एनक्रिप्ट केलेला बोगदा उघडणारा व्हीपीएन) लावतो. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. कुठल्याही क्लाउडवर सार्वजनिक पत्ता असलेलं एक छोटं भाड्याचं सर्व्हर घ्या. तुमच्या होस्टने आतून त्याच्याकडे बोगदा उघडायचा, म्हणजे बाहेरून आत येण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या सर्व्हरवर होस्टच्या नावापुढे आणि तुमच्या लॅपटॉपवर त्या सर्व्हरच्या नावापुढे परवानगीची रेंज १०.६१.०.०/२० लिहा, आणि तुम्ही बेलापूरला असा की पुण्याला, पत्ते तेच राहतात. फोनवरही वायरगार्ड चालतं, त्यामुळे फोनवर वाट लिहिता येत नाही ही अडचणही संपते. बोगद्याला स्वतःचे पत्ते लागतात, ते १०.६१.४.०/२४ मधून द्या, तोही त्याच तुकड्यात बसतो. क्लायंटला मात्र बोगदा देऊ नका. त्या भाड्याच्या सर्व्हरवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ठेवून डेमोची एकच व्हीएम, एकच पोर्ट, एचटीटीपीएसने दाखवा.

तर आता करायचं असं. ‘अनस्टॅक’ करा, म्हणजे डेव्हस्टॅक उतरवा, मशीन रीस्टार्ट करा, घरचं वायफाय सुधारलं का पाहा. डमी इंटरफेस आणि होस्ट्स फाइल नीट करून पुन्हा एकदा रीस्टार्ट करा आणि १०.६१.०.१ जागेवर आहे याची खात्री करा. मगच डेव्हस्टॅकच्या लोकल कॉन्फ फाइलमध्ये होस्ट आयपी, फ्लोटिंग रेंज, तिचा गेटवे, वाटपाचा गट आणि आतली रेंज या पाच ओळी स्वतः लिहा, एकही इन्स्टॉलरच्या अंदाजावर सोडू नका. आयपी व्हर्जन ४ लिहून सध्या आयपीव्ही६ बाजूला ठेवा. ठाण्याला गेल्यावर रोजच्या कामासाठी डेव्हस्टॅक सोडून कोला-ॲन्सिबलची एका मशीनची मांडणी घ्या, कारण डेव्हस्टॅक लाइट गेल्यावर धडपणे परत उभं राहत नाही. तिथेही नेटवर्क इंटरफेस म्हणून हाच डमी द्या, बाहेरच्या इंटरफेससाठी पत्ता नसलेला दुसरा पोर्ट द्या. एचएप्रॉक्सी (विनंत्या सेवांकडे वाटून देणारा भाग) बंद ठेवलंत तर आतल्या सामायिक पत्त्याच्या जागी १०.६१.०.१ च चालतो.

हे करूनही लॅपटॉपवरून व्हीएम लागली नाही तर मला तीन गोष्टी पाठवा: होस्टवरच्या ‘आयपी राउट’ चं उत्तर, लॅपटॉपवरच्या वाटांची यादी, आणि पिंग चालू असताना दोन्ही इंटरफेसवर घेतलेला टीसीपीडंप. पासवर्डची फाइल पाठवू नका.